गावातील पबमध्ये एल आणि जेवण: इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंग्लंडमधील खेड्यात चर्च, हिरवळीचे मैदान आणि पब या तीन गोष्टी बहुधा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात. पहिल्या दोन ठिकाणी पाहुण्याला कोणाला काही विचारावे लागत नाही. पबमध्ये मात्र कोठे उभे राहावे, काय मागावे, पैसे कधी द्यावेत आणि शाकाहारी माणसाने नेमके काय खावे हे ठाऊक नसल्यामुळे अनेक मराठी कुटुंबे दाराशी छायाचित्र काढून पुढे निघतात. याची हळहळ वाटते, कारण तेथील ग्रामीण जीवनात परक्या माणसाला इतक्या सहजपणे शिरता येईल अशी दुसरी जागा नाही, आणि तेथील पिंपातील एल, म्हणजे इंग्लंडची पारंपरिक बिअर, बाटलीत भरून घरी आणता येत नाही.

पबचे सारे व्यवहार दोन गोष्टींना धरून चालतात: तळघरातील पिंप आणि स्वयंपाकघराच्या वेळा. पिंप उघडले की त्यातील एल साधारण तीन दिवसांत संपवावी लागते, आणि स्वयंपाकघर दिवसातून मोजकेच तास चालते. हे दोन मुद्दे ध्यानात ठेवले तर पबची निवड करण्यापासून शेवटचा पेला परत ठेवण्यापर्यंतची प्रत्येक पायरी तशी का आहे ते आपोआप उमगते.

पब निवडताना

आधी पब ठरवावा आणि मग त्याच्या भोवतीचे गाव पाहावे, असे माझे मत आहे. उलट क्रमाने गेल्यास पर्यटकांच्या गर्दीवर चालणाऱ्या एखाद्या सुमार पबमध्ये बसण्याची वेळ येते. यासाठी 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजेच 'कॅमरा', या ग्राहकांच्या संघटनेची मोठी मदत होते. मोठ्या कंपन्या पिंपातील जिवंत एल बंद करून वायूच्या दाबावर चालणारी, पाश्चरीकरण केलेली बिअर सर्वत्र आणू लागल्या, तेव्हा १९७१ साली ही संघटना स्थापन झाली. आजही तिच्या स्थानिक शाखांचे सदस्य स्वतः जाऊन, चव घेऊन दरवर्षी पबची निवड करतात.

या निवडीत आलेले पब एकसारखे नसतात. बर्कशरमधील ऑल्डवर्थ गावचा 'द बेल इन' अडीचशेहून अधिक वर्षे एकाच कुटुंबाकडे आहे आणि कॅमराने १९९० व २०१९ या वर्षांसाठी त्याला देशातील सर्वोत्तम पब ठरवले. तेथे भरलेल्या पावांसारखे साधे खाणे मिळते, त्यामुळे भरगच्च जेवणाच्या अपेक्षेने तेथे जाऊ नये. वूस्टरशरमधील ब्रेटफर्टन येथील 'द फ्लीस इन' मूळचे मध्ययुगीन शेतघर असून, १९७७ साली निधन पावलेल्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी ते मृत्युपत्राद्वारे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट गावाने तर २००३ साली आपला 'द ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला. उत्तर यॉर्कशरमधील हड्सवेलच्या ग्रामस्थांनी बंद पडलेला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' भागभांडवल उभे करून २०१० साली पुन्हा सुरू केला, त्यातच छोटे वाचनालय आणि दुकान थाटले, आणि २०१६ साली तो देशातील सर्वोत्तम पब ठरला. सहकाराच्या मुलखातून आलेल्या मराठी माणसाने यांपैकी एखादा पब मुद्दाम पाहावा.

पाटीवर 'फ्री हाउस' असे लिहिलेले असेल तर तो पब कोणत्याही एका बिअर उत्पादकाशी बांधलेला नाही आणि मालक हवी ती एल ठेवू शकतो, असा त्याचा अर्थ होतो. बांधील पब कमी प्रतीचे असतात असे मात्र समजू नये. ससेक्समधील लुइस गावी 'हार्वीज' या उत्पादकांची बिअरची भट्टी आहे आणि तेथून जवळच्या पबमध्ये त्यांची 'बेस्ट बिटर' ही एल जशी लागते, तशी ती दूरच्या शहरात क्वचितच लागते.

तळघरातील पिंपातून एल वर ओढणाऱ्या, काउंटरवरील हँडपंपांच्या संख्येवर भुलू नये. पबमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे 'फर्किन' नावाचे पिंप ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पिंटचे असते (एक पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर). ते तीन दिवसांत संपवायचे तर प्रत्येक पंपावरून रोज सुमारे २४ पिंट विकले गेले पाहिजेत. आठ पंप असतील तर रोज १९२ पिंटचा खप हवा, आणि एवढा खप छोट्या खेड्यात सहसा होत नाही. त्यामुळे शांत गावात दोन किंवा तीन पंप असलेला पबच अधिक भरवशाचा असतो.

पोहोचण्याची वेळ

गावातील पब दिवसभर उघडा असतो असे गृहीत धरू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धोपयोगी कामगारांचे मद्यपान आटोक्यात ठेवण्यासाठी दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती आली आणि ती १९८८ पर्यंत टिकली. कायदा बदलला, तरी अनेक खेड्यांत दुपारी ३ ते ६ दरम्यान पब बंद ठेवण्याचा रिवाज अजूनही आहे. सोमवारी, आणि कधी मंगळवारीही, पूर्ण सुट्टी असते.

स्वयंपाकघराच्या वेळा याहूनही आखूड असतात. दुपारी १२ ते २.३० आणि संध्याकाळी ६ ते ८.३० हे सर्वसाधारण वेळापत्रक असून, रविवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी चूल बंद असते. दुपारी पावणेतीनला थकून-भागून पोहोचलेल्या कुटुंबाला बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीवर भागवावे लागते, आणि त्यात पबचा काही दोष नसतो. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून पब किती वाजता उघडतो आणि जेवण किती वाजेपर्यंत मिळते, असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. रविवारच्या दुपारच्या जेवणासाठी आठवडाभर आधी टेबल राखून ठेवणे चांगले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने शनिवारी दुपारी १२ ते १ च्या दरम्यान पोहोचावे, अशी माझी शिफारस आहे. शुक्रवारी रात्री खप झालेला असल्याने पिंपे ताजी असतात, स्वयंपाकघर नुकतेच सुरू झालेले असते आणि काउंटरवर गर्दी नसल्यामुळे प्रश्न विचारायला उसंत मिळते.

आत गेल्यावर

दाराशी कोणी स्वागताला येऊन टेबल दाखवील अशी वाट पाहत उभे राहू नये. सरळ आत जावे, काउंटरमागील व्यक्तीकडे पाहून 'हॅलो' म्हणावे, जेवायचे असल्यास तसे सांगावे आणि कोठे बसावे ते विचारावे. 'रिझर्व्ह्ड' अशी चिठ्ठी नसलेल्या कोणत्याही टेबलावर सहसा बसता येते. काउंटरला लागून असलेल्या उंच खुर्च्या आणि शेकोटीजवळचा कोपरा यांवर गावातील नेहमीच्या मंडळींचा अलिखित हक्क असतो; त्या जागा रिकाम्या दिसल्या तरी बसण्यापूर्वी विचारणे शोभते.

जुन्या पबमध्ये एकाच छताखाली वेगवेगळ्या खोल्या आढळतात. 'पब्लिक बार' मध्ये साधी फरशी, बाकडी आणि डार्ट्सची पाटी असते. 'लाउंज' किंवा 'सलून' थोडा नीटनेटका असतो, आणि 'स्नग' ही चार-सहा माणसांपुरती छोटी खोली असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर स्नग रिकामा आहे का ते पाहावे, कारण तेथे ऊब आणि शांतता दोन्ही मिळतात. डोंगरवाटांवरून चालत आलेल्यांनी चिखलाचे बूट दाराबाहेर पुसावेत. मोकळे कुत्रे टेबलाखाली झोपलेले असणे हे तेथे नित्याचेच आहे. कुत्र्यांची भीती वाटणाऱ्यांनी आधीच सांगितले तर लांबचे टेबल मिळते.

पिंपातील एल

काउंटरवर लांब उभ्या मुठी दिसल्या की ते हँडपंप आहेत असे समजावे. बाजूचे छोटे नळ हे वायूच्या दाबावर चालणाऱ्या बिअरचे असतात. हँडपंपाखाली मिळणारी एल गाळून निर्जंतुक केलेली नसते. भट्टीतून पिंपात भरताना तिच्यात जिवंत यीस्ट असते, ते पिंपातच पुन्हा आंबवण्याचे काम करते आणि त्यातूनच तिला सौम्य, नैसर्गिक फेस येतो. पिंप तळघरात आल्यावर त्याला एक-दोन दिवस हलू न देता ठेवावे लागते, म्हणजे गाळ खाली बसतो. एकदा विक्री सुरू झाली की पिंपात हवा शिरते आणि ताडीप्रमाणे तीही हळूहळू आंबट होत जाते. म्हणूनच एकाच भट्टीची तीच एल दोन पबमध्ये निराळी लागते: तळघर सांभाळण्याचे कौशल्य हे पबमालकाचे खरे काम आहे, आणि चांगल्या मालकाला त्याबद्दल विचारले तर तो आनंदाने बोलतो.

तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सियस ठेवले जाते. भारतात बर्फासारखी थंड लागर पिण्याची सवय असलेल्यांना पहिला घोट कोमट वाटतो, परंतु त्याहून थंड केल्यास माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि हॉप या फुलांचा कडवटपणा दोन्ही दबतात. तीव्रतेतही फरक आहे. आपल्याकडील 'स्ट्राँग' बिअरमध्ये ६ ते ८ टक्के मद्यार्क असतो, तर साध्या बिटरमध्ये साडेतीन ते चार टक्के. ती गप्पा मारत सावकाश पिण्यासाठीच बनवलेली असते.

पंपाच्या मुठीवर लावलेल्या पाटीवर एलचे नाव, भट्टीचे नाव आणि मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. पाटी उलट फिरवलेली असेल तर ती एल संपली आहे किंवा अजून तयार झालेली नाही, असे समजून ती मागू नये. प्रथमच पिणाऱ्याने तांबूस रंगाच्या, समतोल कडवटपणाच्या 'बिटर' पासून सुरुवात करावी; 'बेस्ट बिटर' थोडी अधिक भरदार असते. कडवटपणा नको असेल तर सोनेरी 'गोल्डन एल' घ्यावी किंवा मिळाल्यास गडद, मऊ चवीची 'माइल्ड' घ्यावी. 'पोर्टर' आणि 'स्टाउट' यांना भाजलेल्या धान्याची, कॉफीकडे झुकणारी चव असते. प्रदेशानुसार स्थानिक एल निवडणे सर्वांत उत्तम: पश्चिम यॉर्कशरमध्ये कीथली येथील टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड', सफक किनाऱ्यावर साउथवोल्डच्या 'अ‍ॅडनम्स'ची बिटर, आणि उत्तर यॉर्कशरच्या मॅशम गावची थीक्स्टनची 'ओल्ड पेक्युलियर'. ही शेवटची ५.६ टक्क्यांची आणि गोडसर असल्याने ती अर्धा पिंटच घ्यावी.

'आयपीए', म्हणजे 'इंडिया पेल एल', या नावाशी आपला जुना संबंध आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबई आणि कलकत्त्याच्या गोऱ्या वसाहतींसाठी भरपूर हॉप घातलेली फिकट एल जहाजाने येत असे, आणि १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या उत्पादकांनी या व्यापारात पाय रोवले. आज मात्र हँडपंपावरील काही आयपीए साध्या बिटरइतक्याच सौम्य असतात, त्यामुळे नावावर न जाता टक्केवारी पाहावी.

उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची टोपी लावतात आणि त्यामुळे पेल्यावर दाट साय धरल्यासारखा फेस येतो. दक्षिणेत ती टोपी सहसा नसते आणि फेस पातळ असतो. दोन्ही पद्धती योग्यच आहेत. फेस फार जास्त असेल तर 'कुड यू टॉप इट अप, प्लीज?' असे विचारण्यात गैर काही नाही.

मागणी कशी नोंदवावी

पेयांची मागणी काउंटरवर जाऊन करायची आणि पैसे तेथेच लगेच द्यायचे, हा मूळ नियम आहे. दहा जणांचा समूह असेल तर सगळ्यांनी काउंटरला गराडा घालू नये. सर्वांची मागणी ठरवून एक-दोघांनी जावे. रांग दिसत नसली तरी कोण कोणाच्या आधी आले याची नोंद प्रत्येकाच्या मनात असते. काउंटरमागील व्यक्तीची नजर आपल्याकडे वळेपर्यंत शांतपणे उभे राहावे. चुटक्या वाजवणे, नोटा हलवणे किंवा हाक मारणे हे तेथे उद्धटपणाचे मानतात. आपला क्रम नसताना विचारणा झाली तर शेजारच्याकडे हात करून ते आधी आले आहेत असे सांगावे. या एका वाक्याने पाहुण्याबद्दल जितके चांगले मत होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

पिंटचा पेला ५६८ मिलिलिटरचा आणि अर्धा २८४ मिलिलिटरचा असतो; काही ठिकाणी एक तृतीयांश पिंटही मिळतो. 'अ हाफ ऑफ लँडलॉर्ड, प्लीज' एवढे वाक्य पुरते. अर्धा मागण्यात कमीपणा मानू नये, उलट दोन-तीन एल चाखण्याचा तोच शहाणा मार्ग आहे. निवड होत नसेल तर हँडपंपावरील एलचा एखादा घोट चाखायला मागता येतो, मात्र गर्दीच्या वेळी हे टाळावे. एलला शिरक्याचा वास आला किंवा ती उघड आंबट लागली तर पेला अर्धा रिकामा होण्याआधी परत न्यावा आणि ती ठीक वाटत नसल्याचे हळू आवाजात सांगावे. चांगल्या पबमध्ये वाद न घालता बदलून देतात.

किमती प्रदेशानुसार बदलतात, तरी एका पिंटला साधारण ४ ते ६ पौंड धरून चालावे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, पण आडगावात थोडी रोख रक्कम जवळ असावी. मित्रमंडळीत आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणण्याचा 'राउंड' चा रिवाज आहे. आपल्याला एकच पेला घ्यायचा असेल तर पहिल्याच फेरीआधी तसे सांगून आपले स्वतंत्र आणावे, कारण दुसऱ्याचे घेऊन आपली पाळी चुकवणे फार वाईट दिसते. पेयांवर बक्षिशी द्यावी लागत नाही. सेवा विशेष आवडली तर 'अँड वन फॉर योरसेल्फ' असे म्हणून एका पेयाचे पैसे जोडता येतात.

मद्य १८ वर्षांखालील व्यक्तीला विकत नाहीत, आणि पंचविशीच्या आतील दिसणाऱ्याकडे ओळखपत्र मागण्याची पद्धत सर्रास आहे. तेव्हा तरुणांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. मद्य न घेणाऱ्यांनी संकोचू नये. लाइम-सोडा, जिंजर बिअर, एल्डरफ्लॉवरचे सरबत, चहा, कॉफी हे सर्व मिळते आणि ग्राहकाने मागितल्यास साधे पाणी विनामूल्य द्यावे असा नियम आहे. 'सायडर' म्हणजे सफरचंदाचा रस समजून मुलांना देऊ नये. इंग्लंडमध्ये ते मद्यच असते.

जेवण

जेवणाची मागणीही बहुतेक ठिकाणी काउंटरवरच करावी लागते, म्हणून उठण्यापूर्वी टेबलाचा क्रमांक पाहून ठेवावा. रोजचे खास पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, आणि छापील यादीपेक्षा तो फळा आधी वाचावा, कारण स्थानिक आणि ताजे जे काही असते ते तेथेच असते.

मांसाहारी पाहुण्याने एलमध्ये शिजवलेल्या गोमांसाचे सारण भरून भाजलेली 'पाय', मासा आणि जाड चिप्स (बटाट्याचे तळलेले काप), किंवा सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा यांतून निवड करावी. रविवारी दुपारी मिळणारे 'संडे रोस्ट' हे मात्र पबच्या जेवणातील मुख्य आकर्षण आहे: भाजलेल्या मांसाचे काप, भाजलेले बटाटे, दोन-तीन भाज्या, फुगलेले यॉर्कशर पुडिंग (ते गोड नसते, पिठाचे भाजलेले असते) आणि वरून ग्रेव्ही. ते दुपारी १२ पासून संपेपर्यंतच मिळते, आणि तीननंतर पोहोचणाऱ्यास बहुधा उरलेसुरलेच वाट्याला येते.

गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण ते अनेक पदार्थांत आडमार्गाने येते. 'गॅमन' (खारवलेले मांस) आणि 'बँगर्स' (सॉसेज) डुकराचे असतात. 'ब्लॅक पुडिंग' रक्तापासून बनवतात. 'सुएट' ही गुरांची चरबी असून ती काही गोड पुडिंगांतही असते. यॉर्कशरकडे चिप्स गुरांच्या चरबीत तळण्याची परंपरा आहे, आणि रोस्टचे बटाटे बदकाच्या किंवा इतर प्राण्यांच्या चरबीत भाजलेले असू शकतात. म्हणून 'व्हेजिटेरियन' एवढेच सांगून न थांबता चिप्स कशात तळल्या आहेत आणि ग्रेव्ही कशाची आहे, हे स्वतंत्रपणे विचारावे. अ‍ॅलर्जी निर्माण करणाऱ्या चौदा घटकांची माहिती देणे तेथे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे कर्मचाऱ्यांना असे प्रश्न ऐकायची सवय असते आणि ते स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात.

शाकाहारी व्यक्तीसाठी 'प्लाउमन्स लंच' हा माझ्या मते सर्वांत समाधानकारक पर्याय आहे: जाड पाव, चेडर किंवा स्टिल्टनचा मोठा तुकडा, आंबटगोड पिकल, कांदा, सफरचंद आणि पाने. काही ठिकाणी त्यात हॅमही ठेवतात, म्हणून फक्त चीजचे मागावे. कडक शाकाहारींनी चीजसाठी दूध गोठवणारे रेनेट प्राणिज आहे का, हेही विचारावे. बिटरबरोबर जुने, खरपूस चेडर इतके जुळून येते की मांसाहारी माणसानेही हा पदार्थ एकदा अवश्य घ्यावा. रोस्टऐवजी सुकामेव्याचा 'नट रोस्ट' मिळतो, परंतु यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडी असतात.

शाकाहारींना ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट एलमध्येच दडलेली आहे. गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात बरेचदा 'आयसिंग्लास' घालतात, आणि ते माशांच्या पोटातील हवेच्या वाळवलेल्या पिशवीपासून बनते. घोळ माशाच्या अशाच पिशवीला पालघरच्या किनाऱ्यावर मोठा भाव मिळतो. आयसिंग्लास गाळाबरोबर तळाशी जात असले तरी ज्यांना हे चालत नाही त्यांनी 'अनफाइन्ड', म्हणजे ते न घातलेली, एल आहे का ते विचारावे. ती किंचित गढूळ दिसते, आणि ते खराब असल्याचे लक्षण नसते.

शेवटी गोड म्हणून खजूर घातलेले 'स्टिकी टॉफी पुडिंग' किंवा गरम कस्टर्डसह सफरचंदाचा 'क्रंबल' घ्यावा. दोघांत एक पुरतो. टेबलावर जेवण आणून दिले असेल आणि बिलात सेवाशुल्क धरलेले नसेल तर सुमारे १० टक्के बक्षिशी देतात. बरोबर आणलेला डबा पबच्या टेबलावर किंवा बागेत उघडू नये. तान्ह्या बाळाच्या खाण्याला मात्र कोणी हरकत घेत नाही. लहान मुलांना जेवणाच्या वेळी मोठ्यांबरोबर येऊ देतात, परंतु रात्री किती वाजेपर्यंत थांबता येईल हे प्रत्येक पब स्वतः ठरवतो. धूम्रपानाला २००७ पासून आत बंदी आहे.

परतीची व्यवस्था

बंद होण्याच्या थोडे आधी घंटा वाजवून 'लास्ट ऑर्डर्स' पुकारतात आणि त्यानंतर मागणी घेणे थांबते. दुसऱ्यांदा 'टाइम' पुकारल्यावर हातातील पेला संपवण्यासाठी साधारण २० मिनिटे देतात, आणि तेवढ्यात निघावे. उठताना रिकामे पेले आणि ताटल्या काउंटरवर आणून ठेवाव्यात. हे कोणी सांगत नाही, पण छोट्या पबमध्ये दोनच माणसे सर्व काम करत असतात.

इंग्लंडमध्ये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क कायद्याला चालतो, परंतु किती प्यायल्यावर ती मर्यादा ओलांडली जाईल हे माणसागणिक बदलते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने एलला हातच लावू नये. खेड्यातील रस्ते अरुंद, वळणाचे आणि दिव्यांविना असतात. बस दिवसातून मोजक्याच, आणि रविवारी अनेकदा मुळीच नसतात, तर टॅक्सी शेजारच्या शहरातून यावी लागते आणि शनिवारी रात्री ऐनवेळी मिळत नाही. म्हणून टॅक्सी सकाळीच ठरवून घ्यावी, किंवा ज्या पबमध्ये वर राहण्याच्या खोल्या आहेत असाच पब निवडून रात्री तेथेच मुक्काम करावा.